तीन वार कोण म्हणतं?

१८५२ साली सर एडवर्ड बेल्चर यांची मोहीम उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात नाहीशा झालेल्या फ्रँकलिन यांच्या जहाजांचा शोध घ्यायला निघाली. तिच्यासोबत देण्यासाठी ऑलसॉप या इंग्लिश कंपनीने खास बिअर बनवली होती. कडाक्याच्या थंडीतही सहजी गोठू नये इतकी ती जहाल होती. तिची एक न उघडलेली बाटली २००७ साली 'ईबे'वर लिलावाला आली. विकणाऱ्याने कंपनीचं नाव लिहिताना इंग्रजी स्पेलिंगमधल्या दोन 'पी'पैकी एक गाळला. ज्यांना अशी बाटली हवी होती ते संग्राहक बरोबर स्पेलिंग टाकून शोधत राहिले, आणि बाटली ३०४ डॉलरला गेली. घेणाऱ्याने राहिलेला 'पी' घालून तीच बाटली पुन्हा लिलावाला लावली. या वेळी आकडा चढत चढत ५,०३,३०० डॉलरवर जाऊन थांबला.

एका अक्षराची किंमत पाच लाख डॉलर, अशी ही गोष्ट सांगितली जाते. तिचा पुढचा भाग क्वचितच कुणी सांगतं. ती शेवटची बोली खोटी निघाली. पैसे कुणी दिलेच नाहीत. मग बाटलीची खरी किंमत कोणती म्हणायची? ३०४ डॉलर म्हणावी, तर ज्यांना ती हवी होती त्यांना ती दिसलीच नव्हती. पाच लाख म्हणावी, तर देणारं कुणी नव्हतं.

आपल्याकडे हंगामातला पहिला सौदा झाला की 'भाव फुटला' म्हणतात. कोंब फुटावा तसा भाव फुटतो, हे मराठी माणसाने बाजारात उभं राहून बघितलेलं आहे. लासलगावला कांद्याच्या ट्रॉलीभोवती व्यापाऱ्यांचा घोळका सरकत जातो, पुकारा होतो, आकडे चढतात, आणि क्षणापूर्वी जगात कुठेच नसलेला एक आकडा सगळ्यांच्या साक्षीने अस्तित्वात येतो. कुणाच्या डोक्यात तो पूर्ण तयार नव्हता. घेणाऱ्यांच्या अनेक डोक्यांमध्ये त्याचे तुकडे होते. लिलाव ते तुकडे बाहेर काढतो आणि जोडतो. माणसाने शोधलेल्या साध्यासुध्या युक्त्यांमध्ये मला ही फार मोठी वाटते.

गेल्या तीस वर्षांत ही युक्ती बाजार समितीच्या आवारातून आणि श्रीमंतांच्या लिलावगृहांतून बाहेर पडली, माळ्यावरच्या अडगळीपर्यंत पोचली, आणि मग बघता बघता ओसरली.

सुरुवात सप्टेंबर १९९५ची. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत राहणारा पिएर ओमिड्यार हा २८ वर्षांचा प्रोग्रॅमर. पॅरिसमध्ये इराणी आईवडिलांच्या पोटी जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेत आलेला. लेबर डेच्या सुट्टीत घरी बसून त्याने 'ऑक्शनवेब' नावाचं पान उभं केलं, त्याचंच पुढे 'ईबे' झालं. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरला गेला. ओमिड्यारने घेणाऱ्याला कळवलं, हा चालत नाही, ठाऊक आहे ना? उत्तर आलं की आपण बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवतो.

कोणत्याही दुकानदाराने ती वस्तू कचऱ्यात टाकली असती, आणि त्याच्या गल्लीपुरतं ते बरोबरच ठरलं असतं. त्या गल्लीत बिघडलेले लेझर पॉइंटर जमवणारा माणूस राहत नव्हता. पण अख्ख्या जगात तो एक तरी असतो. पुण्याच्या जुन्या बाजारात कुलपाशिवायची किल्ली घेऊन बसलेल्या विक्रेत्याला हे तत्त्व पूर्वीपासून माहीत आहे. तो नेमक्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला असतो. इंटरनेटने ती वाट बघण्याची मुदत वर्षांवरून आठवड्यावर आणली.

सुरुवातीला ओमिड्यार कुणाकडून काही घेत नव्हता. फेब्रुवारी १९९६मध्ये त्याच्या इंटरनेट कंपनीने महिन्याचं बिल ३० डॉलरवरून २५० डॉलरवर नेलं, तेव्हा त्याने विकणाऱ्यांकडून थोडी दलाली मागायला सुरुवात केली. पैसे वसूल करण्याची कोणतीही यंत्रणा त्याच्याकडे नव्हती. ज्याचा माल विकला गेला त्याने आपणहून पाठवायचे, इतकंच. आणि लोकांनी ते पाठवले. पाकिटांतून चेक आले. दलाली काही सेंटच असेल तर पुठ्ठ्याच्या कार्डावर चिकटपट्टीने चिकटवलेली चिल्लर आली. पाकिटांचा ढीग इतका वाढला की ती उघडायला माणूस नेमावा लागला. या धंद्याच्या इतिहासात मला सर्वांत आवडणारं चित्र तेच आहे. तोंड न पाहिलेल्या माणसाला द्यायचे दहा-वीस सेंट कुणीतरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कार्डावर नीट चिकटवतो आहे.

पण सगळेच असे नव्हते. भांडणं सुरू झाली, आणि ती ओमिड्यारच्या दारात येऊ लागली. त्याच फेब्रुवारीत त्याने यावर उपाय काढला. सौदा झाला की घेणाऱ्याने विकणाऱ्याबद्दल आणि विकणाऱ्याने घेणाऱ्याबद्दल एक शेरा लिहायचा, सर्वांना दिसेल असा. चांगला असेल तर अधिक एक, वाईट असेल तर उणे एक. नावापुढे कंसात ही बेरीज दिसायची.

आपल्या बाजारात याला पत म्हणतात. पत कमवायला एका गावात पिढ्या जाव्या लागत, आणि गावाची वेस ओलांडली की ती संपायची. इथे पहिल्यांदाच एका साध्या माणसाची पत आकड्यात मांडली गेली आणि हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसाला वाचता येऊ लागली. तिचं मोल किती, हेही मोजून झालं आहे. संशोधक पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईबेवरच्या एका मुरलेल्या विक्रेत्याला सोबत घेतलं. जुन्या पिक्चर पोस्टकार्डांचे एकसारखे संच काही त्याच्या नेहमीच्या नावाने विकले, काही कोऱ्या, नव्या नावांनी. माल सारखा, विकणारा हात तोच. जुन्या नावाला लोक सरासरी ८.१ टक्के जास्त द्यायला तयार झाले. जुन्या अमेरिकन पेनी नाण्यांच्या लिलावांवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की चांगल्या शेऱ्याने किंमत जितकी वाढते, त्याहून वाईट शेऱ्याने ती जास्त पडते.

पतीची नक्कलही करता येते. २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका वकिलाने २५ सेंटपासून बोली सुरू करून एक अमूर्त चित्र लिलावाला लावलं. ते रिचर्ड डीबेनकॉर्न या नामवंत चित्रकाराचं असावं असा भास होईल, अशी सही कोपऱ्यात दिसत होती. बोली १,३५,८०५ डॉलरवर गेली. नंतर उघड झालं की तो आणि त्याचे साथीदार वेगवेगळ्या नावांनी एकमेकांच्या मालावर बोली लावून भाव चढवत होते. ईबेने सौदा रद्द केला आणि प्रकरण कोर्टात गेलं. गर्दीत आपलाच माणूस उभा करण्याची खोड प्रत्येक लिलावाइतकीच जुनी आहे. फक्त इथे एका माणसाला दहा माणसं होता येत होतं.

आता या यंत्राच्या पोटात डोकावू. ईबेवर आपण बोली लावतो तेव्हा यंत्राला आपला शेवटचा आकडा गुपचूप सांगतो. समजा, एका वस्तूसाठी तुम्ही ५० डॉलरपर्यंत जायला तयार आहात आणि दुसरा कुणी ४० पर्यंत. यंत्र तुमच्या वतीने गरजेपुरतंच पुढे जातं, आणि वस्तू तुम्हाला ५० ऐवजी ४१ डॉलरला मिळते. जिंकणारा तुम्ही, पण किंमत ठरवली हरलेल्याने. गुरांच्या बाजारात पूर्वी रुमालाखाली दलालाची बोटं दाबून आकडा सांगत, तसा तुमचा आकडा या यंत्राच्या मुठीत राहतो. फरक एवढाच की हा दलाल तुमचा पूर्ण आकडा ऐकूनही तुमच्याकडून जास्तीचा एक डॉलर काढत नाही.

या रचनेची जादू अशी की इथे खोटं बोलून काही मिळत नाही. मनातला आकडा ५० असताना ४५ सांगितला, तर किंमत कमी होत नाही, कारण ती दुसऱ्याच्या आकड्यावर ठरते. वस्तू हातची जाण्याचा धोका मात्र वाढतो. म्हणजे खरं बोलणं हाच फायद्याचा मार्ग. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली हे गणिताने मांडलं. त्याला १९९६ साली नोबेल जाहीर झालं आणि त्यानंतर तीनच दिवसांनी तो वारला. अमेरिकेतले पोस्टाची तिकिटं विकणारे व्यापारी मात्र ही पद्धत १८९०च्या दशकापासून वापरत होते. लांबच्या गिऱ्हाइकांना पत्राने बोली पाठवता यावी, एवढीच त्यांची गरज होती.

त्याही शंभर वर्षं आधी एका कवीला हे सुचलं होतं, हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो. जानेवारी १७९७. जर्मन महाकवी गटेला 'हेर्मान आणि डोरोथेआ' हे आपलं काव्य बर्लिनच्या फिव्हेग या प्रकाशकाला द्यायचं होतं. त्याने एक आकडा लिहून पाकिटात बंद केला आणि पाकीट ब्योटिगर नावाच्या मध्यस्थाकडे दिलं. प्रकाशकाने आपली रक्कम सांगावी. ती पाकिटातल्या आकड्याहून कमी असेल तर पाकीट न उघडता परत यावं आणि विषय संपावा. जास्त असेल तर प्रकाशकाने फक्त पाकिटातला आकडाच द्यावा. पैशाहून गटेला एक गोष्ट जास्त हवी होती. आपल्या लेखनाची बाजारातली खरी किंमत त्याला जाणून घ्यायची होती, आणि प्रकाशक ती कधी सांगत नाहीत. प्रकाशकाने सांगितले १,००० थालर. पाकिटात होते नेमके १,००० थालर. हा योगायोग नव्हता. ब्योटिगरने प्रकाशकाला आतून सुगावा दिला होता. यंत्र निर्दोष होतं, रुमाल धरणारा फितूर निघाला. गटेला हवं असलेलं उत्तर त्याला कधीच मिळालं नाही.

म्हणजे ईबेच्या यंत्रात चतुराईची गरजच नव्हती. मनातला आकडा सांगून निवांत झोपायचं. तरीही लोक झोपत नव्हते. लिलाव सात दिवस चाललेला असायचा, बोली मात्र शेवटच्या मिनिटाला कोसळायच्या. याचं कारण लिलाव संपवण्याच्या पद्धतीत होतं. आपल्या लिलावात 'एक वार, दोन वार' म्हणणारा माणूस असतो. त्याची नजर घोळक्यावर फिरते. कुणाचा हात अर्धा वर आला तर तो थांबतो. तीन वार तो तेव्हाच म्हणतो, जेव्हा कुणाकडेच आणखी काही उरलेलं नाही अशी त्याची खात्री होते. ईबेवर तीन वार म्हणायचं काम घड्याळाकडे गेलं, आणि घड्याळ कुणासाठी थांबत नाही.

ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी हे फार सुंदर रीतीने दाखवलं. १९९९ साली ॲमेझॉननेही लिलाव सुरू केले होते, पण तिथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप वाढायची. म्हणजे तिथलं घड्याळ आपल्या पुकारणाऱ्यासारखं वागत होतं. दोन्हीकडची माणसं सारखी, वस्तू सारख्या, फरक या एका नियमाचा. ईबेवर शेवटच्या क्षणी टपून बसणारे ॲमेझॉनपेक्षा कितीतरी जास्त निघाले. त्यातही संगणकाच्या वस्तूंपेक्षा पुराणवस्तूंच्या लिलावात हे अधिक दिसलं. कारण जाणकाराने आधी बोली लावली की इतरांना कळतं, वस्तू अस्सल आहे. जाणकाराची बोली हीच एक बातमी असते, म्हणून तो ती शेवटपर्यंत पोटात ठेवतो.

मळवलीच्या रविवर्मा प्रेसच्या एका जुन्या छापील चित्रासाठी मी अशीच एक रात्र जागलो आहे. लिलाव परदेशातला, शेवट आपल्या पहाटेचा. पाच दिवस माझी बोली सर्वांत वर होती. शेवटच्या चार सेकंदांत दोन अनोळखी नावं आली आणि चित्र गेलं. चुटपुट लागलीच. तरी त्या चार सेकंदांत मला समजलं की हे चित्र जीव लावून हवं असलेली आणखी दोन माणसं पृथ्वीवर आहेत, आणि त्यांना ते किती मोलाचं वाटतं. घरातल्या जुन्या चित्राबद्दल एवढी माहिती आधीच्या कोणत्याही पिढीला मिळाली नव्हती.

या घड्याळाने छोट्या विक्रेत्यासाठी आणखी एक काम केलं, त्याची आठवण फार कमी लोक काढतात. ईबेवर शोध घेतला की जो लिलाव सर्वांत आधी संपणार तो सर्वांत वर दिसायचा. याचा अर्थ नीट बघा. हजारो वस्तू विकणारा मोठा व्यापारी असो की आजीची एकुलती एक बशी विकणारी गृहिणी, प्रत्येकाच्या वस्तूची मुदत संपत आली की ती आपोआप रांगेत पुढे सरकायची आणि शेवटची काही मिनिटं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर यायची. त्या जागेला पैसे लागत नव्हते, ओळख लागत नव्हती. काळाच्या हाताने लावलेली ती रांग होती, आणि काळ कुणाची भीड धरत नाही. माझ्या मते छोट्या विक्रेत्याला मिळालेली ती सर्वांत मोठी सवलत होती.

२००८च्या सुमारास ही रांग मोडली. शोधाचा क्रम 'बेस्ट मॅच' नावाच्या हिशेबावर लागू लागला. पूर्वी किती खप झाला, शेरे कसे आहेत, टपालखर्च किती, हे पाहून यंत्र ठरवणार की कोण वर दिसेल. घेणाऱ्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही, त्याला बरा माल लवकर सापडतो. पण ज्याचा खप आधीच चांगला आहे तो वर दिसतो, वर दिसतो म्हणून त्याचा खप आणखी वाढतो, आणि एकुलती बशी विकणारी खाली राहते. २०१५पासून तर जादा टक्केवारी देऊन वरची जागा विकत घेण्याची सोयही आली.

त्याच वर्षी, २००८मध्ये, शेऱ्यांचा नियमही बदलला. विकणाऱ्याला घेणाऱ्याबद्दल वाईट शेरा लिहिता येणं बंद झालं. यामागे खरं दुखणं होतं. 'तू मला उणे एक दिलास तर मीही देईन' या भीतीने घेणारे गप्प बसत, आणि सगळ्यांचे शेरे सारखेच गोड दिसत. भीती गेली आणि शेरे खरे झाले. मात्र माल मिळूनही 'मिळाला नाही' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासमोर छोट्या विक्रेत्याच्या हातात काही उरलं नाही. पूर्वी दोन शेजारी सौदा करत होते. आता एक गिऱ्हाईक होतं आणि दुसरा दुकानदार, ज्याच्याकडून परतीची हमी, वेळेवर टपाल आणि गोड बोलणं अपेक्षित होतं. त्या फेब्रुवारीत दरवाढ आणि या नियमाविरुद्ध अनेक विक्रेत्यांनी काही दिवस माल न लावता बहिष्कार टाकला. नियम मागे गेला नाही.

आणि लिलाव? २००३च्या सुरुवातीला ईबेवरची ९० टक्क्यांहून जास्त विक्री लिलावाने होत होती. 'लगेच विकत घ्या' अशी ठरावीक किमतीची सोय २००० सालीच आली होती, पण ती बाजूला होती. पुढच्या दहा वर्षांत पारडं पूर्ण फिरलं. अर्थशास्त्रज्ञ लिरान आयनाव, जोनाथन लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईबेचीच आकडेवारी घेऊन याचं कारण शोधलं. विकायच्या वस्तू बदलल्या म्हणून किंवा विकणारे बदलले म्हणून असं झालं, हे त्यांना पटलं नाही. मुख्य कारण निघालं की घेणाऱ्यांचीच लिलावाची हौस ओसरली. सात दिवस वाट बघायला, शेवटच्या मिनिटाला जागायला माणसं तयार राहिली नाहीत. दुसऱ्या दिवशी माल दारात आणून देणाऱ्या दुकानांची सवय लागल्यावर ते होणारच होतं.

मला यात आणखी एक धागा दिसतो. भाव ठाऊक नसतो तेव्हा लिलाव लागतो. ईबेवर झालेले लाखो लिलाव लोकांना शोधून पाहता येऊ लागले. एखादा जुना कॅमेरा मागच्या महिन्यात कितीला गेला, हे दोन मिनिटांत कळू लागलं. मग त्या कॅमेऱ्याचा भाव पुन्हा फोडायचा कशाला? तेवढी किंमत लिहून टाकायची. लिलावाने स्वतःच गोळा केलेल्या माहितीने लिलावाची गरज संपवली. तो आता जिथे आधीचा दाखला सापडत नाही तिथे उरला आहे: एकमेव वस्तू, हाताने लिहिलेली पत्रं, दुर्मीळ तिकिटं, छपाईत चूक झालेली नोट.

आपल्याकडे ही कथा मुंबईतून सुरू झाली. २००० साली 'बाझी डॉट कॉम' उभी राहिली आणि २००४ साली ईबेने ती सुमारे ५ कोटी डॉलरना घेतली. त्याच वर्षअखेर तिथे एका विक्रेत्याने लावलेल्या आक्षेपार्ह चित्रफितीवरून कंपनीच्या प्रमुखाला दिल्लीत अटक झाली. माल लावणाऱ्याचा दोष आवाराच्या मालकावर किती येतो, हा प्रश्न देशापुढे आला आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ७९वं कलम पुढे २००८च्या दुरुस्तीत बदललं. ईबे इंडियाने 'पैसापे' ही पद्धत आणली होती. घेणाऱ्याचे पैसे मध्ये थांबायचे आणि माल पोचल्यावर विकणाऱ्याला मिळायचे. परक्या गावाच्या माणसाकडून नाणं मागवताना तो मोठा आधार होता. २०१७ साली ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे गेली आणि ऑगस्ट २०१८मध्ये बंद झाली. आपले नाणी-तिकिटं जमवणारे आता व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या गटांत लिलाव करतात. तिथे ठरलेल्या वेळेला फोटो पडतो, खाली आकडे येतात, आणि गटाचा प्रमुख शब्दशः तीन वार म्हणतो.

गिऱ्हाईक कमी झालं की दलाली कोणाच्या माथी मारायची, हा प्रश्न उरतोच. ईबेने जर्मनीत २०२३ साली आणि ब्रिटनमध्ये २०२४ साली घरगुती विक्रेत्यांची विक्रीवरची दलाली काढून टाकली, कारण जुने कपडे फुकट विकू देणाऱ्या ॲपकडे ही माणसं निघाली होती. ब्रिटनमध्ये मग २०२५पासून घेणाऱ्याच्या बिलात संरक्षण-शुल्क आलं. महाराष्ट्राने हे नाट्य जुलै २०१६मध्ये पाहिलं आहे. तेव्हा सरकारने बाजार समित्यांतली आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला लावली आणि व्यापाऱ्यांनी बंद पुकारला होता.

छोट्या विक्रेत्याचं नशीब आणखी एका दोरीला बांधलेलं आहे, ती म्हणजे टपाल. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफी काढून घेतली, तेव्हा भारतीय टपाल खात्यालाही अमेरिकेची पार्सलं थांबवावी लागली, ती ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. घरून एकेक वस्तू पाठवणाऱ्याला हे सात आठवडे किती लांब वाटले असतील!

इतक्यात एक जुना आवाज परत आला आहे. २०१९ साली सुरू झालेल्या 'व्हॉटनॉट' या अमेरिकन ॲपवर विकणारा कॅमेऱ्यासमोर उभा राहतो, खेळण्यातल्या बाहुल्या किंवा पोकेमॉनची कार्डं हातात धरून दाखवतो, बोलतो, हसतो, नावाने हाक मारतो, आणि अर्ध्या मिनिटात वस्तूचा भाव फुटतो. घड्याळाने काढून घेतलेलं काम माणसाच्या तोंडी परत गेलं. सात दिवसांचा लिलाव लोकांना कंटाळवाणा झाला होता, तीस सेकंदांचा आवडतो. छोट्या विक्रेत्याला यात पुन्हा जागा आहे, कारण तिथे बोलणारा माणूस विकतो. पण तीस सेकंदांत विचार करायला वेळ नसतो, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवावं.

सुरुवातीच्या बाटलीकडे परत येतो, कारण तिचा आपल्या घरांशी थेट संबंध आहे. '७८६ क्रमांकाची नोट तीन लाखांना', 'ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट विकून लखपती व्हा', अशा बातम्या दर काही महिन्यांनी मोबाइलवर फिरतात. त्या आकड्यांचा उगम बहुतेक वेळा एकच असतो: कुणीतरी आपल्या नोटेपुढे मनाला येईल ती मागणी लिहिलेली असते. मागितलेला आकडा म्हणजे भाव फुटणं नव्हे. घरात जुनी नोट किंवा नाणं असेल तर लिलावाच्या साइटवर 'विकल्या गेलेल्या' वस्तूंचे आकडे शोधा, मागणीचे नव्हे. नाणं शंभर वर्षांहून जुनं असेल, एखादी शिवराई असेल, तर १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ते देशाबाहेर पाठवता येत नाही, परदेशी गिऱ्हाईक कितीही डॉलर देत असलं तरी. आणि तुमची नोट विकून देतो, त्याआधी नोंदणीचे, कराचे, कमिशनचे पैसे भरा, असा फोन आला तर तो तिथेच ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे मागितले जात असल्याचा इशारा खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये दिला आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँक पडत नाही, आणि त्यासाठी ती कुणाकडूनही एक रुपयाही घेत नाही.